आम्हांला एक छोटा हत्ती हवा आहे!

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघर माळे रिकामे होऊ लागतात. आपल्या आजीच्या वेळी माळ्यावरून पितळी घंगाळ, फुटक्या काचेचा कंदील आणि काड्या मोडलेली छत्री खाली उतरत असे. आता काय उतरते ते पाहा. पाठीला भले मोठे कुबड असलेला टीव्ही, पिवळा पडलेला संगणकाचा की-बोर्ड, सोडवता सुटत नाही असे वायरींचे भेंडोळे, झाकण हरवलेला मिक्सर, चार्जर सापडत नाही असे तीन मोबाइल आणि मोबाइल सापडत नाही असे पाच चार्जर! ही सारी मंडळी जमिनीवर मांडली जातात, त्यांच्या अंगावरची धूळ पुसली जाते, "टाकून द्यायचं का हो हे?" असा प्रश्न होतो, "असू दे, लागेल कधीतरी," असे उत्तर मिळते, आणि सगळी वरात आली तशी पुन्हा वर चढते.

निवृत्त माणसाने काय करावे, याविषयी आपल्याकडे अनेक मते आहेत. कुणी तीर्थयात्रा करतो, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मी लोकांची बिघडलेली यंत्रे मागत हिंडतो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आमची आठ-दहा माणसांची एक नोंदणीकृत संस्था आहे. तीत एक निवृत्त आयटीआय शिक्षक आहेत, दोन टीव्ही-दुरुस्तीवाले आहेत, एक शाळामास्तर आहेत, एक नर्सबाई आहेत आणि जन्मभर कचेरीत आकडेमोड केलेला मी हिशेबनीस आहे. संस्थेचे नाव येथे मुद्दामच देत नाही, कारण ही जाहिरात नव्हे. आम्ही करतो ते असे : घरांतून, शाळांतून, दुकानांतून पडीक विजेची उपकरणे गोळा करावयाची; दुरुस्त होण्याजोगी असतील ती नोंदणीकृत दुरुस्तीकाराच्या देखरेखीखाली दुरुस्त करून गरजू शाळांना, वाचनालयांना द्यावयाची; आणि ज्यांत राम उरला नाही ती न फोडता, न जाळता सरकारमान्य रीसायकलिंगच्या कारखान्यात पोहोचवावयाची. काम सरळ आहे. अडले आहे ते एकाच ठिकाणी. आम्हांला गाडी नाही. आणि या गाडीसाठी पैसे मागताना मी जे शिकलो, ते तुम्हांला सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

विषुववृत्ताला वेढा

आता तुम्ही म्हणाल, चार-दोन मोडक्या मिक्सरांसाठी एवढा अट्टहास कशाला? म्हणून आधी थोडे आकडे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी २०२४ साली जगातल्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२ या एका वर्षाचा हिशेब आहे. त्या वर्षी जगात ६ कोटी २० लाख टन असा कचरा निघाला. हा सगळा माल चाळीस-चाळीस टनांच्या ट्रकांत भरला, तर साडेपंधरा लाख ट्रक लागतील, आणि ते एकामागे एक उभे केले तर विषुववृत्ताला जवळजवळ वेढा पडेल! यातला रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद असलेला भाग केवळ २२.३ टक्के. बाकीचा कुठे जातो? काही माळ्यावर, काही नाल्यात, काही भट्टीत. असा कचरा निर्माण करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिका यांच्यानंतर आपला क्रमांक लागतो.

या कचऱ्यात काय असते? लक्ष्मीही असते आणि विषही असते. एक टन जुन्या मोबाइलमध्ये सुमारे तीनशे ग्रॅम सोने निघू शकते. चांगल्या खाणीतल्या एक टन दगडातून ते पाच-दहा ग्रॅमच निघते. जपानने हे ओळखले. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत त्यांनी नागरिकांकडून सुमारे ७९ हजार टन लहान उपकरणे आणि ६२ लाखांवर मोबाइल जमवले, त्यांतून ३२ किलो सोने काढले आणि टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदके—सोन्याची, रुप्याची, काशाची—सगळी त्या धातूंतून घडवली. नीरज चोप्राने भालाफेकीत जिंकलेले सुवर्णपदक आपण सर्वांनी पाहिले. त्यातले सोने कुणातरी जपानी आजीच्या कपाटातल्या मोबाइलचे होते, हे मात्र थोड्यांच्या लक्षात आले!

आणि विष? कुबडवाल्या टीव्हीच्या काचेत दीड-दोन किलो शिसे असते. ट्यूबलाइटमध्ये आणि सीएफएल दिव्यात पारा असतो. वायरीवरचे प्लास्टिक उघड्यावर जाळले की डायॉक्सिन नावाची अत्यंत घातक द्रव्ये हवेत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मुलांच्या शरीरात शिसे किती चालेल याची सुरक्षित अशी पातळीच नाही. ते थेट मेंदूच्या वाढीवर घाला घालते.

दोन तालुके, मध्ये भीमा

शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके; मधून भीमा वाहते. शिरूर गावाला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. रांजणगावचा महागणपती याच तालुक्यात. पण आता रांजणगाव म्हटले की गणपतीबरोबर कारखानेही डोळ्यांपुढे येतात. एलजी आणि व्हर्लपूल या कंपन्यांचे तेथील कारखाने घरोघरी जाणारी उपकरणे तयार करतात. २०२२ साली केंद्र सरकारने रांजणगावात सुमारे तीनशे एकरांवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनाचे एक खास संकुल मंजूर केले. तिकडे दौंड म्हणजे रेल्वेचे मोठे जंक्शन. मनमाडचा फाटा तेथून निघतो. जवळच कुरकुंभची रासायनिक वसाहत. दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे कांदा, आणि दोन्हीकडे गेल्या वीस वर्षांत घरोघर आलेले टीव्ही, फ्रीज, संगणक आणि मोबाइल.

गंमत पाहा. नवा फ्रीज कारखान्यातून निघून न्हावऱ्याच्या वाडीवस्तीपर्यंत पोहोचवायला कंपनीची गाडी आहे, दुकानदाराची गाडी आहे, हप्त्याने पैसे देणारा सावकारसुद्धा आहे! तोच फ्रीज म्हातारा झाला की परत न्यायला मात्र कुणी नाही. जाताना वाजतगाजत, येताना वाटच नाही.

"पण कायदा आहे ना?" असे शहरातले सुशिक्षित वाचक विचारतील. कायदा आहे, आणि चांगला आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली झाले. आजचे नियम २०२२ चे असून ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. पूर्वी यादीत २१ प्रकारची उपकरणे होती, आता १०६ आहेत. वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर तिच्या जुन्या मालाच्या ठरावीक टक्क्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. सुरुवात ६० टक्क्यांपासून झाली. २०२७-२८ पासून ती ८० टक्के होणार आहे. पण कंपनीने हे कसे दाखवायचे? नोंदणीकृत रीसायकलरकडून प्रमाणपत्रे घेऊन. म्हणजे हिशेब सुरू होतो तो रीसायकलरच्या फाटकापासून. मांडवगण फराट्याच्या एखाद्या घरातल्या माळ्यापासून त्या फाटकापर्यंतचा जो रस्ता, त्याचा धनी कोण? कागदावर सगळे, रस्त्यावर कोणी नाही. त्या रस्त्यासाठी आमची गाडी.

पाबळची शिकवण

दुरुस्तीची कल्पना आमच्या डोक्यातून निघाली असे नाही. शिरूर तालुक्यातच पाबळ नावाचे दुष्काळी गाव आहे. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट मिळवलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर असलेला हा माणूस सर्व सोडून पाबळच्या माळावर येऊन राहिला. शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताने काम करीत शिकू द्यावे, एवढाच त्यांचा आग्रह. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, सगळे करून पाहायचे आणि करता करता त्यामागचे शास्त्र समजून घ्यायचे. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेच्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब' सुरू झाली. अमेरिकेबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ही एक, आणि ती मुंबईत नव्हे, पाबळला! डॉ. कलबाग २००३ साली गेले. त्यांचा आश्रम चालू आहे.

या उदाहरणाने आमचे आयटीआयचे मास्तर भारावलेले. ते म्हणतात, "खेड्यातल्या मुलाला नवा संगणक दिला तर तो त्याला हात लावायला भितो. जुना दिला, तर तो उघडून पाहतो!" हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या दुरुस्तीवाल्यांनी चार मेलेल्या संगणकांतले भाग जुळवून दोन जिवंत केले आणि एका वस्तीशाळेत नेऊन ठेवले. सहावीतल्या एका मुलीने पहिला प्रश्न केला, "याच्या पोटात काय आहे?" मास्तरांनी झाकण काढले. तासभर वर्गाची मुले हलली नाहीत.

पुण्यासारख्या शहरात या कामाची वाट रुळू लागली आहे. पूर्णम इकोव्हिजन ही संस्था पुण्यात ई-कचरा जमवण्याच्या मोहिमा भरवते. कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जुनी उपकरणे घराजवळून नेण्याचे शिबिर भरवते. शहरातल्या माणसाने मनात आणले, तर त्याला रस्ता सापडतो. शहराच्या हद्दीबाहेर पन्नास-साठ किलोमीटर गेले, की मनात आणूनही भागत नाही.

भाड्याच्या टेम्पोचे त्रैराशिक

हिशेबनीस असल्याने मी वही उघडतो. आमच्या एका फेरीत शिरूर, न्हावरा, केडगाव चौफुला आणि दौंड असे टप्पे घेतो. भाड्याच्या टेम्पोला ड्रायव्हरसह साडेतीन हजार रुपये पडतात. माल जमतो दीडशे-दोनशे किलो. त्यातला निम्मा कुबडवाले टीव्ही. शिसेमिश्रित काचेला कारखानदार जवळजवळ काहीच देत नाही. बाकीच्याचे मिळून दीड हजार हातात येतात. म्हणजे फेरीगणिक तूट दोन हजार. ती आम्ही आपापल्या खिशातून भरतो. पेन्शनीच्या खिशाला तळ फार लवकर लागतो, म्हणून महिन्याला एकच फेरी होते.

स्वतःची गाडी असली तर? डिझेल साडेसातशे, ड्रायव्हरचा रोज आठशे, विमा-दुरुस्तीचा वाटा अडीचशे. एकूण अठराशे. तूट उरते तीनशेची. ती नाहीशी होत नाही, हे देणगीदारांना मी प्रथमच सांगून टाकतो. पण दोन हजारांच्या तुटीत एक फेरी करण्याऐवजी त्याच तुटीत सहा फेऱ्या होतात.

पैशांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे वेळ. भाड्याचा टेम्पो आपल्या सोयीने येत नाही. कांद्याचा भाव चढला की तो कांद्याला जातो, लग्नसराईत मांडवाला जातो. ऊसतोडीच्या दिवसांत तर ड्रायव्हर औषधालाही सापडत नाही. एका शाळेने श्रावणात सहा संगणक देऊ केले. आमची माणसे बघून आली. चार सहज चालू होतील असा निर्वाळा त्यांनी दिला. टेम्पो ठरला, रद्द झाला, पुन्हा ठरला, पुन्हा रद्द झाला. शाळेला खोली हवी होती. तिने संगणक व्हरांड्यात काढून ठेवले. परतीचा पाऊस त्यांच्यावर पडला. उंदरांनी आत संसार थाटला. टेम्पो मिळाला तेव्हा चारांपैकी एकही उठला नाही. दुरुस्तीने जो संगणक वस्तीशाळेत पाच वर्षे चालला असता, त्याची किंमत किलोवर आली. जुन्या यंत्राचे असे असते. ते भाजीसारखे नासते, फक्त सावकाश.

म्हणून हवी ती छोटी मालगाडी. २००५ साली टाटांनी 'एस' नावाची चिमुकली चारचाकी मालगाडी काढली, आणि लोकांनी तिचे बारसे केले 'छोटा हत्ती'! कंपनीने दिलेले नाव कंपनीकडेच राहिले. पाऊण टन माल नेते, बोळातून जाते, कच्च्या रस्त्याला भीत नाही. पावसापासून रक्षण करील असे बंद छप्पर, विमा, नोंदणी धरून आम्ही साडेसहा लाखांचा अंदाज काढला आहे. आजवर जमले एक लाख नव्वद हजार.

पाटी कुठे लावायची?

देणगी मागणे ही एक विद्या आहे. वर्गखोली बांधायला पैसे मिळतात, कारण तिच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसते. मंदिराच्या पायरीला मिळतात, पाणपोईला मिळतात. गाडीला? एका गृहस्थांनी मला प्रामाणिकपणे विचारले, "अहो, पाटी लावायची तर कुठं लावायची? आणि भंगाराच्या गाडीवर आमच्या वडिलांचं नाव?" मी त्यांना म्हटले, "वर्गखोली एका जागी उभी असते, ही गाडी दोन तालुक्यांत फिरणार. वडिलांचं नाव शंभर गावं वाचतील." ते हसले, चहा दिला, पैसे दिले नाहीत.

मग कंपन्यांकडे गेलो. कंपनी कायदा २०१३ सालचा. त्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांना—म्हणजे ज्यांचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटींवर, किंवा उलाढाल हजार कोटींवर, किंवा निव्वळ मालमत्ता पाचशे कोटींवर आहे अशांना—आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. यालाच हल्ली सगळे 'सीएसआर' म्हणतात. कायदा असेही सांगतो की, कंपनी जेथे काम करते त्या परिसराला अग्रक्रम द्यावा. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ... आम्हांला वाटले, देव पावला!

एका कंपनीतल्या तरुण अधिकाऱ्याने आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "काका, झाडं लावा, आम्ही देतो. शाळेची भिंत रंगवा, देतो. वाहन मात्र अवघड आहे."

"का बरं?"

"तीन वर्षांनी साहेब विचारतील, गाडी कुठं आहे? आणि ती सेक्रेटरींच्या मुलीच्या लग्नात फिरताना दिसली, तर माझी नोकरी गेली!"

मला त्याचा राग आला नाही. त्याची शंका रास्त आहे. संस्थांच्या गाड्यांचे काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मी त्याला २०२१ सालच्या सुधारित नियमांकडे बोट दाखवले : अशा पैशांतून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या, लाभार्थींच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते. आमचे हिशेब दरसाल धर्मादाय आयुक्तांकडे जातात. शिवाय आम्ही तीन अटी आपण होऊन लिहून दिल्या. प्रत्येक फेरीची नोंदवही ग्रामपंचायतीत पाहायला ठेवू. गाडीत जागा दाखवणारे यंत्र बसवू. आणि संस्था बंद पडली, तर गाडी अशाच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला जाईल. त्याने कागद ठेवून घेतला. निर्णय अजून व्हायचा आहे.

दौंडच्या बाजारपेठेतले एक वृद्ध व्यापारी मात्र वेगळे निघाले. म्हणाले, "गाईच्या चाऱ्याला मागा, देतो. भंगाराला कशाला देऊ?" मी काही न बोलता वही पुढे केली. तूट, नफा, कुणी किती भरले, सगळे तीत होते. त्यांनी चष्मा चढवला आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग तिजोरी उघडून अकरा हजार मोजून दिले. "मी गाडीला देत नाही," ते म्हणाले, "तुमच्या वहीला देतोय. तुटीचा आकडा लपवला नाहीत म्हणून." त्यांनी पावती मागून घेतली आणि ती दोनदा वाचली.

"मग माझं काय?"

आतापर्यंतची गोष्ट सोपी होती. खरा पेच निराळाच आहे, आणि तो कुठल्याही देणगी-अर्जात लिहायला जागा नसते.

भीमेच्या काठाला भंगार गोळा करणारी एक बाई आहे. सायकलला पोते बांधून गावोगाव हिंडते. संध्याकाळी वायरींची गुंडाळी पेटवते, प्लास्टिक जळून जाते, तांबे उरते. त्यावर तिचे घर चालते. काळ्या धुरात तिचा सात वर्षांचा मुलगा खेळत असतो. आमच्या नर्सबाईंनी तिला धुराचे दुष्परिणाम समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि मला विचारले, "काका, तुमची गाडी आली की लोक तुम्हालाच माल देणार. फुकट देणार, पुण्य म्हणून. मग माझं काय?"

या प्रश्नावर आमच्या संस्थेच्या दोन बैठका गाजल्या. एक बाजू म्हणे, धूर थांबला पाहिजे. तिच्यासाठी दुसरा रोजगार पाहू. दुसरी बाजू म्हणे, दुसरा रोजगार म्हणजे कोणता, तो आधी सांगा. शाळामास्तर आवाज चढवून म्हणाले, "आपण देणगीच्या गाडीतून जाऊन गरिबाचा धंदा फुकटात उचलणार, आणि त्याला पर्यावरण म्हणणार?" जगाकडे पाहिले तर हा पेच एकट्या दौंडचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात असंघटित कचरा-उद्योगात काम करणाऱ्या स्त्रियाच सव्वा कोटीहून अधिक आहेत.

वाट पुण्यानेच दाखवलेली होती. १९९३ साली तेथे कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही संस्था निघाली, आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. कचऱ्यावर जगणाऱ्याला बाजूला सारून नव्हे, त्यालाच कामाचा धनी करून शहर स्वच्छ होते, हा त्यातला धडा.

आम्ही ठरवले ते असे. वायर जाळून तिला जेवढे पैसे मिळतात, तेवढेच न जाळलेल्या वायरीचे आम्ही रोख द्यायचे. दुरुस्त होणारी वस्तू तिने आणली, तर वर बक्षीस. आणि गाडी आली की आठवड्यातले दोन दिवस तिने रोजाने गाडीबरोबर यायचे, कारण कोणत्या घरात काय पडले आहे हे तिच्याइतके कुणाला ठाऊक आहे? मी त्रैराशिक पुन्हा मांडले. तीनशेची तूट फेरीमागे नऊशेवर गेली. म्हणजे आता आम्हांला गाडीपुरते पैसे मागून भागणार नाही. पहिल्या तीन वर्षांच्या तुटीचेही मागावे लागणार. गाडीला पैसे मिळेनात, तर तुटीला कोण देणार? बैठकीत कुणीतरी सुचवले की, हा मुद्दा अर्जातून वगळू. गाडी पदरात पडली की पाहू. हिशेबनीस म्हणून मी नकार दिला. नऊशेचा आकडा अर्जाच्या पहिल्याच पानावर आहे. ज्या बाईच्या पोटाचा प्रश्न आहे, तिला आम्ही तळटीप करणार नाही.

बाईने आमचा ठराव ऐकला आणि म्हणाली, "आधी गाडी तर येऊ द्या." त्याच आठवड्यात न जाळलेल्या वायरीचे एक पोते तिने माझ्यापुढे आणून टाकले. पैसे मोजून घेतले, चोळीत ठेवले. उरलेली दोन पोती तिने मागेच ठेवली होती. विश्वास हा हप्त्याहप्त्यानेच मिळतो.

तुमच्या हातातले

वाचकहो, पैशांचे तुम्ही तुमच्या गावातल्या एखाद्या विश्वासू संस्थेबाबत ठरवा. पण हिशेब पाहिल्यावाचून देऊ नका. मात्र पै न खर्चता करण्याजोग्या चार गोष्टी आहेत.

पहिली : वस्तू जिवंत आहे तोवर द्या. पाच वर्षे माळ्यावर ठेवून दिलेला संगणक म्हणजे नुसते ओझे. बदलला त्याच महिन्यात दिलेला संगणक म्हणजे एका शाळेची शिदोरी. चार्जर, वायरी त्याला बांधूनच द्या.

दुसरी : मोबाइल-संगणक देण्याआधी त्यातली आपली माहिती, छायाचित्रे, बँकेचे तपशील पुसून टाका; येत नसेल तर घरातल्या नातवाला सांगा.

तिसरी : टीव्हीची काच, ट्यूबलाइट, फुगलेली बॅटरी घरी फोडू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात घालू नका. बॅटरी वेगळी, कोरड्या जागी ठेवा.

चौथी : भंगारवाल्याला देणार असाल, तर त्याला एवढेच विचारा, "दादा, याचं पुढं काय करता?" प्रश्न साधा आहे. पण तो शंभर घरांतून विचारला गेला, तर त्याचे उत्तर बदलू लागते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण सोन्यानाण्याबरोबर केरसुणीचीही पूजा करतो. घर झाडून बाहेर काढलेला केर कुणाच्या दारात जाऊन पडतो, हे पाहणेही त्या पूजेतच आले, असे मला वाटते. तुमच्या देवघरात गजलक्ष्मीची तसबीर असेल. तिच्या दोन्ही बाजूंना सोंडेत घट घेतलेले दोन हत्ती असतात. आमचे मागणे त्या मानाने माफक आहे. एकच हवा, तोही छोटा, आणि त्याला घटही नको. शिरूरहून दौंडला पाऊण टन भार त्याने पाठीवर वाहिला, म्हणजे झाले. अजून चार लाख साठ हजार कमी आहेत. वही उघडी आहे.